पाणसुरुंग, सुरुंगसफाई नौका आणि मुंबई बंदर : इ. स. १९१७ मधील घटनांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : पाणसुरुंग, सुरुंगसफाई, मुंबई बंदर, पहिले महायुद्ध, ‘वुल्फ’, रॉयल इंडियन मरीन, खलाशी

प्रस्तावना :

पहिल्या महायुद्धाचा इतिहास मराठी वाचकाला प्रामुख्याने फ्रान्समधील खंदक, मेसोपोटेमियाची मोहीम आणि कूत-अल-अमाराचा वेढा या संदर्भांतून परिचित आहे. समुद्रावरील युद्धाचा विषय निघाला की, २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रास शहरावर तोफा डागणाऱ्या ‘एम्डन’ या जर्मन युद्धनौकेचा उल्लेख हमखास होतो. परंतु याच युद्धात मुंबईच्या समुद्रात शत्रूने पाणसुरुंग पेरले होते, त्यांवर आदळून जहाजे बुडाली होती आणि हिंदी खलाशांचे प्राण गेले होते, ही वस्तुस्थिती आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनात क्वचितच नोंदली गेली आहे. एम्डनच्या तोफांचा आवाज मद्रासच्या नागरिकांनी कानांनी ऐकला. मुंबईवर आलेले संकट मात्र पाण्याखाली होते. त्याला आवाज नव्हता, रूप नव्हते आणि ते आणणारे जहाज मुंबईकरांच्या दृष्टीस कधी पडलेच नाही. कदाचित म्हणूनच ते लोकस्मृतीतही राहिले नाही.

प्रस्तुत लेखात १९१७ मधील या घटनांचा आढावा घेण्यात आला आहे. पाणसुरुंग या शस्त्राचे स्वरूप, ते काढून टाकणाऱ्या नौकांचे कार्य, मुंबई बंदराची भौगोलिक परिस्थिती आणि या युद्धात राबलेल्या खलाशांचे स्थान अशा चार अंगांनी विषयाची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पाणसुरुंग युद्धाच्या विकासाचा थोडक्यात आढावा घेणे.
२) १९१७ साली मुंबईच्या समुद्रात घडलेल्या घटनांचा क्रम व कारणे स्पष्ट करणे.
३) सुरुंगसफाईच्या कार्याचे स्वरूप व त्यातील श्रमाचे महत्त्व तपासणे.
४) या घटनांचा स्वातंत्र्योत्तर भारतीय नौदलाच्या सुरुंगसफाई क्षमतेशी असलेला संबंध पाहणे.

पाणसुरुंग : एका शस्त्राचा उदय

पाण्यात स्फोटके सोडून शत्रूचे जहाज उडवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात डेव्हिड बुशनेल याने दारूने भरलेली पिंपे प्रवाहात सोडून ब्रिटिश जहाजांवर हल्ला करण्याचा प्रयत्न केला होता. क्रिमियन युद्धात रशियाने बाल्टिक समुद्रातील आपल्या नाविक तळांच्या रक्षणासाठी पाणसुरुंग वापरले. मात्र या शस्त्राचे खरे सामर्थ्य जगाला दिसले ते १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात. १३ एप्रिल १९०४ रोजी पोर्ट आर्थरजवळ ‘पेत्रोपावलोव्स्क’ ही रशियन युद्धनौका सुरुंगावर आदळून बुडाली. तिच्यावर रशियाचे नामांकित सेनानी अॅडमिरल मकारोव्ह आणि ख्यातनाम चित्रकार वेरेश्चागिन होते. ते दोघेही त्यात मरण पावले. पुढे १५ मे रोजी जपानच्याही ‘हात्सुसे’ व ‘याशिमा’ या दोन मोठ्या युद्धनौका रशियन सुरुंगांना बळी पडल्या. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेली युद्धनौका एका लोखंडी गोळ्याने काही मिनिटांत नाहीशी होऊ शकते, हे या एका वर्षात सिद्ध झाले.

या अनुभवानंतर १९०७ साली हेग येथे झालेल्या परिषदेत पाणसुरुंगांविषयी स्वतंत्र करार करण्यात आला. नांगरापासून सुटून वाहत जाणारा सुरुंग आपोआप निकामी झाला पाहिजे, केवळ व्यापारी वाहतूक अडवण्याच्या हेतूने शत्रूच्या बंदरांसमोर सुरुंग पेरू नयेत आणि युद्ध संपताच आपण पेरलेले सुरुंग काढून टाकावेत, असे या कराराचे सूत्र होते. परंतु व्यापारी वाहतुकीविषयीच्या कलमाबाबत जर्मनी व फ्रान्स यांनी आपला राखीव अधिकार नोंदवला. शिवाय ‘केवळ’ या शब्दाने मोठी पळवाट ठेवली होती. ज्या बंदरातून सैन्य आणि व्यापारी माल दोन्ही जातात त्या बंदरासमोर सुरुंग पेरणाऱ्याला आपला हेतू लष्करी होता, असे केव्हाही म्हणता येत होते. १९१७ चे मुंबई हे नेमके असेच बंदर होते.

पहिल्या महायुद्धात पाणसुरुंगांचा वापर अभूतपूर्व प्रमाणात झाला. २७ ऑक्टोबर १९१४ रोजी आयर्लंडच्या उत्तरेस ‘ऑडेशस’ ही नवी ब्रिटिश युद्धनौका सुरुंगाने बुडाली. ८ मार्च १९१५ रोजी ‘नुस्रत’ या लहानशा तुर्की नौकेने दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत २६ सुरुंगांची एक रांग पेरली. १८ मार्चच्या हल्ल्यात फ्रान्सची ‘बूवे’ आणि ब्रिटनच्या ‘इर्रेझिस्टिबल’ व ‘ओशन’ अशा तीन मोठ्या युद्धनौका तेथे नष्ट झाल्या. एकट्या ‘बूवे’वर सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. दार्दानेल्समधील सुरुंग काढण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले होते ती मासेमारीची ट्रॉलर जहाजे होती आणि त्यांवरील बरीचशी माणसे मूळची कोळी होती. किनाऱ्यावरील तोफांच्या माऱ्यात त्यांना ते काम पुरे करता आले नाही. आरमाराने मोठ्या तोफांवर सारी भिस्त ठेवली, सफाईच्या नौकांकडे मात्र दुय्यम काम म्हणून पाहिले. त्या दुर्लक्षाची किंमत संपूर्ण मोहिमेला मोजावी लागली.

‘वुल्फ’ची सफर

३० नोव्हेंबर १९१६ रोजी जर्मनीतील कील बंदरातून ‘वुल्फ’ नावाचे जहाज गुप्तपणे बाहेर पडले. हे मूळचे हान्सा कंपनीचे ‘वाख्टफेल्स’ नावाचे मालवाहू जहाज. त्याचा वेग जेमतेम दहा-अकरा सागरी मैलांचा होता. त्यामुळे कोणत्याही ब्रिटिश क्रूझरशी समोरासमोर लढणे त्याला शक्यच नव्हते. परंतु त्याच्यापाशी तीन गोष्टी होत्या. पहिली, हजारो मैल पुरेल इतका कोळशाचा साठा. दुसरी, साध्या मालवाहू जहाजाचा बेमालूम वेश, ज्याआड तोफा व टॉर्पेडो दडवलेले होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग. टेहळणीसाठी ‘वोल्फशेन’, म्हणजे लांडग्याचे पिल्लू, या नावाचे एक लहान सागरी विमानही त्यावर होते. जहाजाचा कप्तान कार्ल ऑगस्ट नेर्गर याने बिनतारी संदेश ऐकायचे, परंतु स्वतः पाठवायचे नाहीत, हा नियम काटेकोरपणे पाळला.

जानेवारी १९१७ मध्ये वुल्फने दक्षिण आफ्रिकेच्या टोकाजवळ सुरुंग पेरले. फेब्रुवारीच्या मध्यास कोलंबो बंदरासमोर पेरणी झाली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, हे जहाज मुंबईच्या समुद्रात आले. रात्रीच्या अंधारात, बंदराकडे येणाऱ्या जहाजांच्या मार्गांवर सुरुंगांच्या रांगा सोडून ते जसे आले तसेच निघून गेले. कोलंबोजवळ १७ फेब्रुवारीला ‘वूस्टरशायर’ आणि २१ फेब्रुवारीला ‘पर्सियस’ ही जहाजे बुडाली, तेव्हा हिंदी महासागरात काहीतरी विपरीत घडत असल्याची जाणीव ब्रिटिश अधिकाऱ्यांना झाली.

या रहस्याचा उलगडा एका वेगळ्याच घटनेने झाला. २७ फेब्रुवारी रोजी वुल्फने अरबी समुद्रात ‘टरिटेला’ हे तेलवाहू जहाज पकडले. हे जहाज मूळचे त्याच हान्सा कंपनीचे असून युद्धारंभी ब्रिटिशांच्या ताब्यात गेले होते. त्याला ‘इल्टिस’ असे नाव देऊन एडनसमोर सुरुंग पेरण्यासाठी पाठवण्यात आले. ५ मार्च रोजी ‘ओडिन’ या ब्रिटिश नौकेने त्याला गाठताच जर्मनांनी ते स्वतःच बुडवले. त्यावरील माणसांच्या चौकशीतून सुरुंग पेरणाऱ्या जहाजाची माहिती ब्रिटिशांच्या हाती आली. परंतु तोपर्यंत वुल्फ दक्षिणेकडे निघून गेले होते. पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर सुरुंग पेरून, वाटेत अनेक जहाजे पकडून, चारशेहून अधिक युद्धकैद्यांसह हे जहाज २४ फेब्रुवारी १९१८ रोजी कीलला परतले. ४५१ दिवसांच्या या सफरीत ते कोणत्याही बंदरात शिरले नव्हते. त्याने पकडून बुडवलेली आणि त्याच्या सुरुंगांनी बुडवलेली जहाजे मिळून एक लाख टनांहून अधिक नौकानयन नष्ट झाले.

मुंबईचा समुद्र आणि १९१७ चा पावसाळा

मुंबईची निवड जर्मनांनी का केली, याचे उत्तर त्या वर्षाच्या राजकीय-लष्करी परिस्थितीत आहे. मेसोपोटेमियातील मोहिमेचा मुख्य पुरवठा मुंबईतून होत होता. सैनिक, घोडे, खेचरे, धान्य, दारूगोळा मुंबईहून बसऱ्याकडे जात असे आणि जखमी सैनिकांना घेऊन इस्पितळ-जहाजे मुंबईत येत असत. ११ मार्च १९१७ रोजी ब्रिटिशांच्या हिंदी फौजांनी बगदाद घेतले, त्या विजयामागे मुंबईच्या गोद्यांतील हमालांचे व जहाजांवरील खलाशांचे श्रम उभे होते. कापूस, टपाल आणि प्रवासी यांची युरोपशी होणारी वाहतूकही याच बंदरातून चाले.

भूगोलही सुरुंग पेरणाऱ्याला अनुकूल होता. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्रबूड उथळ असून मुंबईसमोर त्याची रुंदी विशेष आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्रातही पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपासच आहे, यावरून या उथळपणाची कल्पना यावी. नांगराला साखळदोराने बांधलेला सुरुंग फार खोल पाण्यात ठेवता येत नाही. मुंबईच्या समुद्रात मात्र तो किनाऱ्यापासून कितीतरी मैल दूर, बंदरातून दिसणारही नाही अशा ठिकाणी ठेवता येत होता. त्यामुळे बंदराच्या तोंडाशी असलेल्या तोफा येथे निरुपयोगी होत्या. सफाई करायची तर ती शेकडो चौरस मैलांच्या क्षेत्रात करणे भाग होते.

सुरुंगांचा माग लागल्यावर सफाईचे काम हाती घेण्यात आले. तथापि सर्व सुरुंग निघाले नाहीत. जून १९१७ मध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना सुरुवात झाली आणि त्याच सुमारास एकामागून एक दुर्घटना घडल्या. ११ जून रोजी ‘सिटी ऑफ एक्झेटर’ हे प्रवासी जहाज सुरुंगावर आदळले. ते मोडके होऊनही कसेबसे मुंबईला पोहोचले. १७ जून रोजी ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ बुडाले. ‘उंकाइ मारू’ हे जपानी जहाजही त्याच महिन्यात नष्ट झाले. २३ जून रोजी पी. अँड ओ. कंपनीचे साडेनऊ हजार टनांचे ‘मंगोलिया’ हे प्रसिद्ध टपाल व प्रवासी जहाज मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ५० सागरी मैलांवर स्फोट होऊन अल्पावधीतच बुडाले आणि २३ जणांना प्राण गमवावे लागले. २९ जुलै रोजी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘ओखला’ या जहाजाची तीच गत झाली.

या दिनांकांकडे लक्षपूर्वक पाहिले असता एक बाब ठळकपणे जाणवते. सुरुंग फेब्रुवारीत पेरले गेले, परंतु मुंबईजवळील मोठी हानी जून व जुलै महिन्यांत झाली. म्हणजे पेरणाऱ्या हाताने ते ठिकाण सोडून चार महिने लोटल्यावर शस्त्राने आपले काम केले. पावसाळी समुद्रात लहान नौकांनी जोडीजोडीने दोर ओढत सफाई करणे अत्यंत कठीण असते, हे कोकणच्या किनाऱ्याची ओळख असलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत आपले कोळी बांधव होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात. ज्या काळात लहान नौकांनी समुद्रात जाऊ नये असा परंपरेचा संकेत आहे, नेमक्या त्याच काळात टपाल व सैन्याची मोठी जहाजे मात्र ये-जा करीत होती. सफाई थंडावली आणि वाहतूक चालू राहिली, या विसंगतीतून हानी वाढली असावी, असे अनुमान करण्यास येथे आधार आहे.

सुरुंग काढण्याचे तंत्र

त्या काळातील जर्मन सुरुंग साधारणपणे असा असे. हवेच्या पोकळीमुळे तरंगू पाहणारा लोखंडी गोळा आणि त्याला तळाशी धरून ठेवणारा जड नांगर यांना एक तारेचा दोर जोडलेला असे. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेमुळे गोळा पृष्ठभागाखाली ठरावीक खोलीवर थांबे. गोळ्यावर शिशाची मऊ शिंगे असत आणि प्रत्येक शिंगात आम्लाने भरलेली काचेची नळी असे. जहाजाच्या धक्क्याने शिंग वाकले की नळी फुटे, आम्लामुळे विद्युत् प्रवाह निर्माण होई आणि साधारण दीडशे किलो स्फोटकाचा स्फोट होई. यात ना घड्याळ होते, ना देखरेख करणारा माणूस. म्हणूनच त्याला मित्र व शत्रू, युद्धनौका व इस्पितळ-जहाज यांतील भेद कळत नसे.

असा सुरुंग काढण्याची त्या वेळची रीत वरवर अगदी साधी होती. दोन नौका काही अंतर राखून समांतर चालत. त्यांच्यामध्ये पोलादी दोर ताणलेला असे आणि तो विशिष्ट खोलीवर राहावा म्हणून पतंगासारखे एक वजनदार साधन त्याला लावलेले असे. हा दोर सुरुंगाच्या नांगरदोरात अडकला की सुरुंग ओढला जाई, त्याचा दोर तुटे आणि गोळा पृष्ठभागावर येई. मग त्यावर बंदुकीने गोळ्या झाडून तो बुडवला किंवा उडवला जाई. शेतात दोन गड्यांनी दोर धरून पिकावरून ओढावा, तसेच हे काम. फरक इतकाच की, येथे पिकात काय दडले आहे ते दोर अडकेपर्यंत कळत नाही आणि ओढणाऱ्याच्या पायाखालीही तेच पीक असते. त्यामुळे सफाईची नौका उथळ बुडाची असावी लागे आणि काम शक्यतो भरतीच्या वेळी केले जाई. भरतीत पाणी चढल्यावर सुरुंग तुलनेने खोल जातो व नौका त्यावरून निभावून जाऊ शकते. ओहोटीला तोच सुरुंग पृष्ठभागाजवळ येतो.

इंग्लंडमध्ये या कामासाठी ग्रिम्सबीसारख्या बंदरांतील मासेमारी ट्रॉलर वापरण्याची सूचना अॅडमिरल बेरेस्फर्ड यांनी १९०७ साली केली होती आणि १९१० पासून अशा नौकांची राखीव तुकडी तयार होती. जाळे ओढण्याची सवय असलेला कोळी हाच उत्तम सुरुंग-सफाईगार ठरतो, हे त्यामागील तत्त्व होते. हिंदुस्थानात अशी पूर्वतयारी नव्हती. येथे रॉयल इंडियन मरीन हे दल प्रामुख्याने सैन्यवाहतूक, सर्वेक्षण व बंदरकामे यांसाठी ठेवलेले होते. साहजिकच उपलब्ध होतील त्या लहान नौकांना सफाईची साधने जोडून काम भागवावे लागले. शत्रू येण्यापूर्वी सज्ज असलेले दल आणि जहाजे बुडू लागल्यावर जमवलेले दल यांतील अंतर मुंबईने त्या वर्षी अनुभवले.

विस्मरणातील खलाशी

या साऱ्या घटनांत ज्यांचे प्राण पणाला लागले त्यांची नोंद इतिहासात फार थोडी आढळते. त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. व ब्रिटिश इंडिया कंपन्यांच्या जहाजांवर बहुतांश खलाशी हिंदी असत. डेकवर सारंग व तांडेल यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचे प्रमाण लक्षणीय होते. बॉयलरपाशी कोळसा टाकणारे आगवाले अनेकदा पंजाब व सरहद्द प्रांतातील असत, तर भोजनगृहातील सेवकवर्ग प्रामुख्याने गोमंतकीय ख्रिस्ती असे. रॉयल इंडियन मरीनची भरतीदेखील दीर्घकाळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून होत आली होती.

या खलाशांचे करार वेगळे असत आणि वेतन युरोपीय खलाशाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास, काही वेळा त्याहूनही कमी असे. सुरुंगाचा स्फोट जहाजाच्या बुडाशी होतो. त्यामुळे पाण्याच्या पातळीखाली यंत्रकक्षात व बॉयलरपाशी असलेल्यांना बाहेर पडण्याची संधी सर्वांत कमी मिळते. म्हणजे वेतनाच्या उतरंडीत जो सर्वांत खाली होता, तोच जहाजाच्या रचनेतही सर्वांत खाली आणि मृत्यूच्या सर्वांत जवळ होता.

युद्धकाळात १९१५ च्या भारत संरक्षण कायद्याचे वातावरण होते आणि जहाजांच्या हालचाली व हानी यांविषयीच्या बातम्यांवर नियंत्रण होते. शत्रूला माहिती मिळू नये हा त्यामागील उद्देश समजण्यासारखा होता. तथापि त्याचा परिणाम असा झाला की, ज्या गावांतून ही माणसे समुद्रावर गेली त्या गावांच्या सामूहिक स्मृतीत ‘जहाज बुडाले’ एवढेच उरले. कोणी बुडवले व कशाने बुडवले, हा भाग गळून पडला. आज मुंबईत मस्जिद बंदर परिसरातील खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धातील स्मारक आहे. ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मरण तेथे नोंदलेले आहे. शहरातील अनेक सुशिक्षितांनाही या स्मारकाचे अस्तित्व ठाऊक नाही. मराठ्यांच्या आरमारावर आपल्याकडे जितक्या आस्थेने लेखन झाले, तितक्या आस्थेने वसाहतकाळातील कोकणी खलाशाकडे पाहिले गेलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते. कान्होजी आंग्रे यांच्या गुराबांवर ज्या किनाऱ्याची माणसे होती, त्याच किनाऱ्याची माणसे पुढे परक्यांच्या जहाजांवर कोळसा व दोर ओढत होती. पहिल्यांचा इतिहास आपला आणि दुसऱ्यांचा परक्यांचा, अशी विभागणी शास्त्रीय इतिहासलेखनाला मान्य होण्यासारखी नाही.

१९१७ नंतर : तयारी व विस्मरण यांचे चक्र

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीकडे सुरुंगसफाई नौकांचा मोठा ताफा उभा राहिला. ‘कोकण’, ‘काठियावाड’, ‘कुमाऊँ’ अशी प्रादेशिक नावे त्यांना देण्यात आली होती. ऑस्ट्रेलियात बांधलेल्या ‘बेंगाल’ या लहानशा सुरुंगसफाई नौकेने ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘ओंडिना’ या तेलवाहू जहाजाच्या साथीने दोन सशस्त्र जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यांपैकी एक नष्ट झाले. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात ब्रिटनकडून ‘कारवार’, ‘काकीनाडा’, ‘बसीन’ म्हणजे आपली वसई, अशा नावांच्या नौका आल्या. चुंबकीय सुरुंगांचा प्रकार दुसऱ्या महायुद्धात पुढे आल्यामुळे अशा नौकांची बांधणी लाकूड व अचुंबकीय धातूंची असणे आवश्यक ठरले होते. पोलादी नौकेचे स्वतःचे चुंबकत्वच सुरुंगाला जागे करते, हे त्यामागील कारण.

या शस्त्राचा परिणाम किती काळ टिकतो, याचे आपल्या शेजारचे उदाहरण म्हणजे चितगाव. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी नौदलाने या बंदराच्या मार्गांत सुरुंग पेरले होते. डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध संपले, बांगलादेश स्वतंत्र झाला, परंतु नव्या राष्ट्राचे प्रमुख बंदर सुरुंग व बुडालेली जहाजे यांनी अडलेले होते. अन्नधान्याची मदत ज्या वाटेने यायची तीच वाट बंद होती. सोव्हिएत नौदलाच्या तुकडीने १९७२ ते १९७४ अशी सुमारे दोन वर्षे तेथे सफाईचे काम केले. त्या कामात मरण पावलेल्या एका तरुण सोव्हिएत खलाशाची समाधी पतेंगा येथे आहे. तेरा दिवसांच्या युद्धाची सफाई दोन वर्षे चालते, यातच पाणसुरुंग युद्धाचे मर्म आहे. १४ एप्रिल १९८८ रोजी पर्शियन आखातात ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही अमेरिकन युद्धनौका एका जुन्या बनावटीच्या सुरुंगावर आदळली. त्या सुरुंगाची किंमत सुमारे दीड हजार डॉलर असल्याचे सांगितले जाते, तर नौकेच्या दुरुस्तीचा खर्च नऊ कोटी डॉलरच्या आसपास गेला.

भारताने १९७८ ते १९८८ या काळात सोव्हिएत संघाकडून ‘पाँडिचेरी’ वर्गाच्या बारा सुरुंगसफाई नौका घेतल्या. ‘रत्नागिरी’ व ‘कोकण’ ही नावे त्यांतही होती. कालांतराने त्या निवृत्त होत गेल्या. ‘कारवार’ व ‘काकीनाडा’ या नौका मे २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाल्या आणि एप्रिल २०१९ मध्ये ‘कोझिकोड’च्या निवृत्तीबरोबर या वर्गातील शेवटची नौकाही सेवेतून गेली. दरम्यान दक्षिण कोरियाच्या कंपनीच्या सहकार्याने गोवा शिपयार्डमध्ये बारा नव्या नौका बांधण्याची योजना होती. कराराच्या अटींवर एकमत न झाल्याने ती २०१८ साली बारगळली. जुलै २०२५ मध्ये संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने सुरुंगविरोधी नौकांच्या खरेदीला तत्त्वतः मान्यता दिली. मान्यता मिळणे आणि नौका बंदरात उभी राहणे यांत अनेक वर्षांचे अंतर असते. मानवरहित पाणबुड्या व आधुनिक सोनार यांमुळे तंत्र बदलले आहे, परंतु बंदराचा मार्ग मोकळा ठेवण्याची गरज बदललेली नाही. मुंबई, न्हावा-शेवा आणि मुंबई हाय यांवरील देशाचे अवलंबित्व १९१७ च्या तुलनेत कितीतरी वाढले आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) १९१७ साली मुंबईच्या समुद्रात झालेली हानी एका संथ मालवाहू जहाजाने केली. युद्धसामर्थ्याची मोजणी केवळ तोफा व वेग यांवरून करणाऱ्या विचाराची मर्यादा या घटनेने दाखवून दिली.

२) उथळ समुद्रबूड, वाहतुकीचे ठरलेले मार्ग व पावसाळा ही मुंबईची कायमस्वरूपी भौगोलिक वैशिष्ट्ये आहेत. त्यामुळे १९१७ चा अनुभव केवळ त्या युद्धापुरता मर्यादित मानता येत नाही.

३) सुरुंगसफाईचे कार्य प्रतिष्ठेच्या दृष्टीने नेहमीच उपेक्षित राहिले. दार्दानेल्स, मुंबई व २०१९ नंतरची भारतीय परिस्थिती यांत काळाचे अंतर मोठे असले, तरी संकट येईपर्यंत या कार्याकडे दुर्लक्ष करण्याची वृत्ती समान दिसते.

४) या युद्धाचा भार ज्यांनी वाहिला त्या कोकणी, गोमंतकीय व अन्य हिंदी खलाशांचा इतिहास अद्याप लिहिला जावयाचा आहे. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील किनारी गावांतून मौखिक परंपरा, कौटुंबिक कागदपत्रे व मशिदी-चर्चमधील नोंदी यांचे संकलन झाल्यास या विषयावर मोलाचा प्रकाश पडू शकेल.

समारोप :

सुरुंगसफाई नौकेचे यश कधी दिसत नाही. ज्या दिवशी बंदरात येणारे जहाज सुखरूप धक्क्याला लागते, त्या दिवशी तिने आपले काम चोख केलेले असते आणि त्याची बातमी होत नाही. इतिहासकाराला मात्र न घडलेल्या अपघातांमागील श्रमांचीही दखल घ्यावी लागते. २३ जून १९१७ रोजी मुंबईच्या दक्षिणेस जे जहाज तळाशी गेले, त्याच्याबरोबर तेवीस माणसे गेली. त्यांच्या अलीकडे व पलीकडे जी असंख्य जहाजे सुखरूप पोहोचली, त्यांच्यासाठी कोणीतरी भरतीची वेळ साधून दोर ओढला होता. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात या दोघांनाही स्थान मिळणे आवश्यक आहे.